बटणाची प्लेट

चांदसाहेब शिकलगार यांना राग येत नसे. तो त्यांच्याकडे कायमचा राहायलाच होता. सकाळी दुकानाच्या शटरबरोबर वर यायचा आणि संध्याकाळी शटरबरोबर खाली जायचा, एवढंच. विश्रामबागेत, कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. एकतीस वर्षं तिथे क्लचशिवाय दुसरं काम झालेलं नाही. कुणी ब्रेकचं विचारलं तर ते न बोलता रस्त्यापलीकडच्या गॅरेजकडे बोट दाखवायचे, आणि बोट दाखवतानाही गिऱ्हाइकाने काहीतरी गुन्हा केल्यासारखा चेहरा करायचे.

दुकानावर पत्र्याचा बोर्ड होता. निळ्या अक्षरांत 'शिकलगार क्लच वर्क्स' आणि खाली तांबड्यात दोनच शब्द: 'काम एकदाच'. गिऱ्हाइकांना ती हमी वाटे. खरं तर ती चांदसाहेबांनी स्वतःला दिलेली धमकी होती. त्यांनी बांधलेला क्लच परत त्यांच्या दारात आला, असं गेला ऑक्टोबर येईपर्यंत एकदाही घडलं नव्हतं.

जळकी प्लेट हातात आली की त्यांना गाडीवाला कसा आहे ते कळे. चढावर हॅन्डब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरणारे मास्तर, डावा पाय कायम पेडलवर ठेवून मोबाइलवर बोलणारे बिल्डर, सगळे त्यांना प्लेटवरून ओळखू येत आणि ते तसं तोंडावर सांगत. घरी शिकलगार मंडळी दखनी बोलायची. पण चांदसाहेबांना दखनीत नीट रागवता येत नसे. रागावले की ते मराठीत यायचे. त्यामुळे त्यांच्या बायकोच्या, जैनबच्या, कानावर गेली कित्येक वर्षं घरात मराठीच पडत होती.

तर अशा माणसाचं नाव मार्चमधल्या एका रविवारी कवठे महांकाळच्या माळावर भोंग्यावरून पुकारलं गेलं.

मातीतली रॅली होती. बाभळी, कोरडे ओढे, मुरमाचे चढ, आणि दोन मिनिटांच्या अंतराने एकेक गाडी धुरळा उडवत सुटत होती. दुसऱ्या टप्प्याच्या चढावर रहिमतपूरची एक जुनी जिप्सी थांबली. इंजिन ओरडत होतं, चाकं जागची हलत नव्हती. भोंग्यावरच्या निवेदकाला सकाळपासून बोलायला काही खमंग मिळालं नव्हतं. तो म्हणाला, "क्लच गेला मंडळी, क्लच गेला! आणि क्लच कुणाचा? दारावरच लिहिलंय की! चांदसाहेब, विश्रामबाग! सांगलीचा क्लच सांगलीपासून तासाभराच्या वाटेवर गेला! व्वा रं सांगलीकर!"

माळावर हशा पिकला. कुणीतरी तो मोबाइलमध्ये धरला, आणि जिप्सी टेम्पोत चढायच्या आत तो हशा विश्रामबागेत पोचला.

याच जिप्सीचा क्लच ऑक्टोबरातही गेला होता. म्हणजे ही दुसरी वेळ.

सोमवारी सकाळी चांदसाहेबांनी शिडी लावून बोर्ड खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभा केला. "तिसऱ्यांदा परत आली तर शटर वर जाणार न्हाई," ते जैनबला म्हणाले. "मिरजेला भावाकडं जाऊन बसणार. त्याच्या म्हशी राखीन." जैनबने नवऱ्याच्या रागावर लक्ष ठेवता ठेवता आयुष्य काढलं होतं, तिला रागाचं वजन कळायचं. हा राग आवाजाचा नव्हता, बारीक होता. तिने बोर्ड उचलला आणि मागच्या दारी पाण्याच्या बॅरलवर झाकण म्हणून ठेवला. मापाचा होता.

ती जिप्सी त्यांच्याकडे पहिल्यांदा आली ती वर्षापूर्वी. लालासाहेब निकम, रहिमतपूरचे, ऊसवाले, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. गाडीही पलटणीचीच, लिलावातली. लालासाहेबांच्या घरात तीन पिढ्या शर्यतीचे बैल होते. शर्यती बंद पडल्या त्या वर्षांत गोठा सुना वाटायला लागला, म्हणून त्यांनी ही जिप्सी आणून गोठ्यात लावली. पुढे शर्यती सुरू झाल्या, तोवर बैल म्हातारे झाले होते आणि धाकटी लेक क्रांती उसाच्या सरीतून जिप्सी अशी काढायची की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. मग जुनं इंजिन उतरवून त्याहून दांडगं इंजिन बसवलं गेलं. इंजिन दांडगं झालं आणि मूळचा क्लच त्याच्यापुढे साबणासारखा घसरायला लागला. तेव्हा बापलेक सांगलीला आले.

त्या दिवशी चांदसाहेबांनी बारा प्रश्न विचारले होते. इंजिन किती ताकदीचं, टायर कसले, वजन किती काढलं, चढ कसले, माती कसली. बाराच्या बारा लालासाहेबांना विचारले. क्रांती बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसली होती. तेरावा प्रश्न तिच्याविषयी होता, पण तोही त्यांनी लालासाहेबांनाच विचारला.

"प्रेशर प्लेट जड घालावी लागंल, सुभेदार. मग पेडल टणक होतंय. पोरीला झेपंल का?"

"माझी लेक हाय ती," लालासाहेब म्हणाले. विषय संपला.

दाब देणारी जड प्रेशर प्लेट, तिच्यासोबत उत्तम लायनरची, म्हणजे अस्तराची, मऊ प्लेट, असा क्लच त्यांनी बांधला. सोडताना लोणी सुटल्यासारखा सुटायचा. लालासाहेब एवढे खूश झाले की त्यांनी पेंटर बोलावून गाडीच्या दारावर चांदसाहेबांचं नाव घातलं. तो क्लच ऑक्टोबरात गेला. चांदसाहेबांनी दात आवळून आणखी जड प्रेशर प्लेट घातली. तो मार्चमध्ये गेला.

आता टेम्पोतून उतरवलेली जिप्सी दुकानापुढे उभी होती. लालासाहेब खुर्चीत, क्रांती बाकावर, आणि चांदसाहेब गाडीखाली. पाने जैनब देत होती. ती चौदाचा आणि सतराचा पाना न बघता हाताने ओळखायची.

"चांदभाई, मी काय म्हंतो," लालासाहेब म्हणाले. त्यांनी मोबाइल काढला. "एकानं परदेशी किट सांगितलंय. दोन प्लेटांचं. विमानाच्या धातूचं हाय म्हनं."

गाडीखालून एक बोल्ट बाहेर फेकला गेला.

"न्हाई, तुमची प्लेट वाईट म्हनत न्हाई मी. पर दोनदा गेली की ओ. आता जरा ताकदीचं काय तरी..."

"सुभेदार," गाडीखालून आवाज आला, "विमानातच बसवतो तुमाला. गप बसा."

गिअरबॉक्स खाली आला. चांदसाहेब प्लेट घेऊन बाहेर आले आणि उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग प्लेट ज्याला घासते त्या फ्लायव्हीलवर टॉर्च मारली. लोखंड निळं पडलं होतं, गोल गोल डाग उठले होते.

"गाडी कुठं तापवली?"

"तापवली न्हाई."

"सुभेदार, चढावर ताकदीनं घसरून जळलेली प्लेट मी आजवर पोत्यानं बघितलीय. ती अशी न्हाई दिसत. ही सावकाश शिजलीय. तास-दोन तास. मंद आचेवर ठेवल्यागत. रॅलीच्या आदी कुठं चालवली?"

"कुठंबी न्हाई!" लालासाहेबांचाही आवाज चढला. "देवाशप्पत सांगतो. रॅलीआदी गाडी एक किलोमीटर चालवली न्हाई. घरातनं निघाली, टेम्पोत चढली, माळावर उतरली. पलटणीत अठ्ठावीस वर्सं काढलीत मी, खोटं बोलायला आलो न्हाई तुमच्या दारात."

ते खोटं बोलत नव्हते. ते तोंडावरून दिसत होतं, आणि त्यानेच चांदसाहेबांचं डोकं जास्त फिरलं. खोटारडा माणूस समोर असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ते परत गाडीखाली गेले, गिअरबॉक्सच्या तोंडात बोट घातलं आणि कोपऱ्यात साचलेला मळ खरवडला. प्लेटची भुकटी काळी असते. बोट गुलाबी निघालं.

ते बोट पुढे धरून बाहेर आले. नाकाशी नेऊन वास घेतला. मग जैनबपुढे धरलं.

"हे काय?"

"गुलाल," जैनब म्हणाली.

"ते मलाबी दिसतंय!"

"गुलाल व्हय," लालासाहेब मोकळे झाले. "त्यो असायचाच. मिरवणुकीतला."

"कसली मिरवणूक?"

इतका वेळ अवघडून बसलेले लालासाहेब खुलले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी सांगितलं. त्यांच्या आज्यापासूनची रीत होती. शर्यतीचा बैल मैदानाला निघाला की आधी गावात मिरवायचा. वेशीपासून देवळापर्यंत, हलगी लावून, गुलाल उधळून. आता बैलांच्या जागी जिप्सी आहे आणि हलगीबरोबर बेंजो पार्टी आहे, बाकी काही बदललेलं नाही. क्रांती चालवते, ते स्वतः फेटा बांधून मागे उभे राहतात, सुवासिनी दारोदार ओवाळतात. मार्चमध्ये दोन तास लागले. ऑक्टोबरात थोडे कमी, त्या वेळी बेंजोवाल्यांना दुसरी सुपारी होती.

"आणि गाडी पुढं कशी जायची?" चांदसाहेबांनी अतिशय हळू विचारलं. जैनबने हातातला पाना खाली ठेवला. "ढकलत?"

"ढकलत? शर्यतीचं जनावर कुनी ढकलत न्हेतं व्हय? चालत. बेंजोच्या मागं. पावलापावलानं."

"म्हंजे चालवली."

"चालवली न्हाई ओ चांदभाई. मिरवली."

गल्लीत पुढची काही मिनिटं काय ऐकू आलं ते पलीकडच्या गॅरेजवाल्यांनी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. दीड किलोमीटरला दोन तास. दोन तास अर्धा क्लच. चांदसाहेबांनी विचारलं की सुभेदारांनी पलटणीत तोफा ओवाळून उडवल्या होत्या का. त्यांनी विचारलं की माळावर भोंग्यातून त्यांचं नाव निघालं तेव्हा बेंजोवाले कुठे होते, त्यांना का नाही कुणी हसलं. एकतीस वर्षांचा बोर्ड त्यांनी उतरवला होता, आणि कशासाठी, तर सुभेदारांना फेटा बांधून उभं राहायला जागा हवी म्हणून! मग ते बाकाकडे वळले.

"आणि तू गं? तुला तोंड न्हाई? दोनदा माझ्या दारात येऊन बसलीस. गाडी तू चालवतीस. तुला म्हाईत नव्हतं?"

क्रांती उठली. ती बापाएवढीच उंच होती.

"म्हाईत होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी मला विचारलं कवा, चाचा?" तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यातही राग होता आणि तो आजचा नव्हता. "पयल्या दिवशी तुमी तेरा सवाल विचारलं. मी मोजलं. तेराच्या तेरा आबांना. माजा पाय, माजी गाडी, आनि पेडल झेपंल का ते आबांना विचारलं! मला वाटलं, मिरवणुकीचं आबांनी सांगितलं असंल. आबांना वाटलं, त्यात सांगन्यासारखं काय हाय." तिने पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. डाव्या गुडघ्यावर चिकटपट्टीचे वळ होते. "दुसऱ्या येळी तुमी पेडल अजून जड केलं. दोन तास ते अर्ध्यात धरून बसले. सुजला. माळावर पट्टी आवळून चालवली. क्लच गेला तवा खरं सांगू, मला बरं वाटलं."

लालासाहेब गुडघ्याकडे बघत राहिले. त्यांनी तो पहिल्यांदाच बघितला असावा. "मला न्हाई बोललीस," ते म्हणाले.

"तुमी फेटा बांधून उभं हुता, आबा."

लालासाहेब उठले आणि चहाला जातो म्हणून गेले. चांदसाहेबांच्या तोंडाला फेस आणणारा राग तसाच होता, पण आता त्याला बसायला जागा राहिली नव्हती. माणूस ओळखायला प्लेट पुरते, हा त्यांचा सगळा अभिमान. आणि माणूस बाकावर वर्षभर बसला होता. ते राग घेऊन आत गेले, तीन प्लेटा घेऊन बाहेर आले आणि पोत्यावर आपटल्यासारख्या मांडल्या.

"बस खाली," ते म्हणाले. "बोल. सुटताना कशी सुटतीस?"

"इंजिन तापवून. एकदम सोडते."

"अर्ध्यावर किती धरतीस?"

"धरत न्हाई. सुटताना एकदा, मग गिअर टाकताना नुसतं टेकवायचं. अर्धा क्लच फकस्त आबांसाठी."

त्यांनी पहिली प्लेट बाजूला सरकवली. "ही मूळची. हिचा उपयोग न्हाई." दुसरीही सरकवली. "ही मी दोनदा घातली, गुळगुळीत. तुला गुळगुळीत लागतच न्हाई, हे मला आज कळलं." तिसरी त्यांनी हातात दिली. तिला अखंड लायनर नव्हता. लोखंडी पाकळ्यांवर तांब्याच्या रंगाची जाड बटणं बसवलेली होती.

"ही ट्रॅक्टरला असती की," क्रांती म्हणाली.

"ट्रॅक्टरला असती. बटणाची प्लेट. ही कितीबी तापली तरी मरत न्हाई. आणि धरती एवढी की प्रेशर प्लेट जड लागत न्हाई, पेडल हलकं हुतंय. पण हिला अर्धं म्हाईत न्हाई. एक तर धरंल, न्हाई तर सोडंल. मधलं काय जमत न्हाई. हादरे देती, उडी मारती, गर्दीत घातली तर इज्जत काढती."

क्रांतीने प्लेट उलटीसुलटी केली. "तुमच्यावानीच हाय," ती म्हणाली.

जैनब हसली. तिने पदर तोंडाला लावला, तरी आवाज आला.

"आनि झटक्यानं गिअरबॉक्स फुटला तर?"

हा प्रश्न बरोबर होता, आणि प्रश्न बरोबर असला की चांदसाहेबांना नाइलाजाने नीट उत्तर द्यावं लागे. मधली चकती स्प्रिंगांची ठेवायची, ते म्हणाले. झटका आधी स्प्रिंगा खातील, मग गिअरबॉक्सला जाईल. ट्रॅक्टरची प्लेट जिप्सीला बसत नाही, म्हणून चकती जिप्सीचीच घ्यायची, पाकळ्या तिच्या मापाच्या कापायच्या, बटणं एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. रिबिटा ते स्वतः ठोकतील. फ्लायव्हील लेथवर धरून निळं लोखंड काढून टाकतील.

लालासाहेब चहा पिऊन आले तोवर ठरलं होतं. त्यांना सांगण्यात आलं.

"म्हंजे मिरवणूक?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई. ही प्लेट बेंजोच्या मागं चालणार न्हाई."

"चांदभाई, आमच्या घरात जनावर मैदानाला जाताना मिरवून जातं. माज्या आज्यापासनं!"

"जनावर, सुभेदार! जनावर सावकाश चालतं, ते त्याच्या पायात हाय. गाडीला सावकाश चालायचं तर ती माझी प्लेट खाती. तुमी दोन तास गुलाल उधळता आणि माळावर हसतात मला!"

"बगू," लालासाहेब म्हणाले. हा शब्द ते असा म्हणाले की त्यात मिरवणुकीची तारीखसुद्धा ठरली होती.

काम आठ दिवसांत झालं. गाडी न्यायला आले तेव्हा चांदसाहेबांनी चिंधीवर थिनर ओतलं आणि दारावरचं स्वतःचं नाव घासून काढलं. रंग निघाला, तरी घासत राहिले. "आता काय व्हायचं ते तुमच्या नावानं हुंदे," ते म्हणाले.

मे महिन्यात त्याच माळावर दुसरी रॅली होती. आदल्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने चांदसाहेब रहिमतपूरला उतरले. जैनबने कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की त्यांना कुठेही जायचं नाही. सदऱ्याच्या खिशात चौदाचा पाना होता. गाडी जळताना निदान समोर उभं राहून शिव्या देता याव्यात, म्हशी राखायच्या तर कुणामुळे राखायच्या हे डोळ्यांनी बघून घ्यावं, एवढाच त्यांचा विचार होता.

वेशीजवळ बेंजो लागलेला होता. एका किराणा दुकानाच्या पायरीवर चांदसाहेब उभे राहिले. जिप्सीला झेंडूच्या माळा, मागे लालासाहेब फेटा बांधून उभे, स्टिअरिंगच्या चक्रीजवळ क्रांती. तिच्या तोंडावर कसलाही भाव नव्हता. तिच्या चुलत्यांनी गुलालाची पहिली मूठ टाकली, बेंजोने सूर धरला, क्रांतीने पहिला गिअर टाकला आणि पेडल सोडलं.

जिप्सीने उडी मारली आणि बंद पडली. लालासाहेब मागच्या सीटवर बसले. बसायचा त्यांचा विचार नव्हता.

"नवं हाय, नवं हाय," ते उठून म्हणाले. "हळू सोड, क्रांते."

क्रांतीने हळू सोडलं. गाडी धाडधाड हादरली, दारं वाजली, माळा गळून पडल्या आणि मग तिने पहिल्यापेक्षा मोठी उडी घेतली. ताशेवाला ताशासकट गटारापलीकडे गेला. तिसऱ्या उडीला फेटा लालासाहेबांच्या डोळ्यांवर आला.

"सुभेदार, जनावर बुजलं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"वेसन घाला की!"

"आवं, वैरण घातली का न्हाई सकाळी?"

अख्खी वेस हसायला लागली. लालासाहेबांनी फेटा वर सारला, आणि तेव्हा त्यांना किराणा दुकानाची पायरी दिसली.

"चांदभाई! हे तुमी केलंय!"

"व्हय, मीच केलंय!" चांदसाहेब पायरीवरूनच ओरडले. "नाव पुसलंय, काम न्हाई पुसलं!"

बेंजो आपोआप थांबला. लालासाहेब खाली उतरले, चांदसाहेब पायरी उतरले, आणि भर रस्त्यात दोघे छातीला छाती लावून उभे राहिले. माळावरच्या हशाने चांदसाहेबांना काय झालं असेल, ते या क्षणी रहिमतपुरात एकट्या लालासाहेबांना कळत होतं. पण कळलं म्हणून राग कमी होतो असं नाही.

"मिरवणूक झाल्याबिगर गाडी शिव वलांडनार न्हाई," लालासाहेब म्हणाले. "बाप मेला त्या साली सुदिक माजा बैल मिरवून गेलाय."

"मग बैल आणा की!" चांदसाहेब किंचाळले. "जनावर मिरवायचंय, तर जनावर आणा! मरू द्या ती गाडी, बैल जुपा तिला!"

हे त्यांनी अपमान म्हणून म्हटलं होतं. त्याहून जिव्हारी लागेल असं त्या वेळी त्यांना दुसरं सुचलं नव्हतं. पण लालासाहेब मागे वळले. त्यांनी गाडीकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. कपाळावरची आठी सावकाश गेली. पलटणीत असताना वरून हुकूम आला आणि तो चक्क शहाणपणाचा निघाला, तर त्यांचा चेहरा असाच होत असावा.

"बिरदेव," त्यांनी बैलांची निगा राखणाऱ्या गड्याला हाक मारली, "तुफानला आन. त्याच्या जोडीदारालाबी. झूल घालून आन."

तुफान म्हातारा झाला होता. कित्येक वर्षांत त्याने मैदान बघितलं नव्हतं. पण बेंजो ऐकताच त्याने मान वर केली आणि जोडीदाराला ढुशी दिली. कासरे, दोर, जू, सगळं गोठ्यात जिथल्या तिथे होतं. जिप्सीच्या पुढच्या हुकाला दोर बांधला गेला. चांदसाहेबांनी गाठ बघितली, ती चूक म्हणून सोडली आणि स्वतः बांधली. मग क्रांतीला म्हणाले, "तू उतर. उद्याला गुडघा पायजे."

"मग ब्रेकवर कोन बसनार?"

बसणार कोण, हा प्रश्नच नव्हता. त्या गावातल्या एकाही माणसावर चांदसाहेबांचा विश्वास नव्हता. ते चक्रीमागे बसले, गाडी न्यूट्रलला आहे ना ते तीनदा हलवून बघितलं, आणि डावा पाय पेडलपासून लांब, सीटखाली दुमडून घेतला. मिरवणूक निघाली. अडीच तास लागले, कारण तुफान प्रत्येक ओळखीच्या दारात थांबायचा. सुवासिनींनी गाडी ओवाळली, बैल ओवाळले, आणि आत माणूस बसलाय म्हणून त्यालाही ओवाळलं. चौकात लालासाहेबांनी स्वतःचा फेटा काढून मागून त्यांच्या डोक्यावर ठेवला. चांदसाहेबांनी मागे न बघता सांगितलं की पायाला मुंग्या आल्यात, आणि हे सगळं ताबडतोब बंद झालं पाहिजे. कुणाला ऐकू गेलं नाही. रात्री सांगलीला पोचले तेव्हा जैनबने दार उघडलं, त्यांना नखशिखांत गुलाबी बघितलं आणि काही न विचारता पाणी तापत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते माळावर गेले. जिप्सी पहिल्या टप्प्याला सुटली तेव्हा बंदुकीतून गोळी सुटावी तशी सुटली. दुसऱ्या टप्प्याच्या त्या चढावर, जिथे ती मार्चमध्ये उभी राहिली होती, चांदसाहेब बाभळीखाली उभे होते. ती आली, चढली आणि गेली. एवढंच झालं. आणि चांदसाहेब लगेच चिडले, कारण शेजारचा माणूस सरबत पीत होता आणि त्याने बघितलंसुद्धा नव्हतं.

चौतीस गाड्यांत क्रांती सातवी आली. भोंग्यावर तोच निवेदक होता. त्याने क्रांतीचं नाव घेतलं, रहिमतपूरचं घेतलं, सुभेदारांचं घेतलं. आदल्या दिवशीच्या मिरवणुकीचं चित्रण त्याच्यापर्यंत पोचलं होतं, म्हणून त्याने तुफान बैलाचंही नाव घेतलं, दोनदा. टायर कुठले ते सांगितलं. क्लचचा उल्लेख केला नाही.

"बैलाचं नाव घेतलं!" गाडीजवळ जाऊन चांदसाहेब क्रांतीवर ओरडले. "बैलाचं! क्लच गेला की आख्ख्या माळाला सांगायचं, आणि टिकला की?"

क्रांती हेल्मेट काढत होती. "दारावर असतं तर वाचलं असतं त्यानं," ती म्हणाली. "पुसलं कुनी?"

मंगळवारी सकाळी चांदसाहेब दुकानात रिबिटा निवडत होते, आणि गल्लीच्या तोंडाशी धाडधाड आवाज आला. त्यांनी मान वर केली. जिप्सी. एक उडी, एक हादरा, मग पुन्हा उडी, अशी ती येत होती आणि पलीकडच्या गॅरेजातले सगळे उभे राहून बघत होते. ती त्यांच्या दारातच थांबली. हातातल्या रिबिटा चांदसाहेबांनी डब्यात टाकल्या. दोन बाहेर पडल्या, त्या त्यांनी उचलल्या नाहीत.

"परत आली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. जैनब ते ऐकून आतून पळत बाहेर आली.

"आली, पर कामाला न्हाई," क्रांती उतरत म्हणाली. "रंगवायला. नाव कुठल्या दारावर टाकू? आबा म्हनले, इचारून ये. ह्या येळी तुमालाच इचार म्हनले."

चांदसाहेब गाडीकडे गेले. गाडीत वाकून त्यांनी क्लचचं पेडल हाताने दाबलं, सोडलं, कान लावून ऐकलं. पुन्हा दाबलं.

"उघडून बघायचंय का?" तिने विचारलं.

"चालती गाडी उघडायला मी काय वेडा हाय का?" ते ओरडले, आणि त्या ओरडण्याने गल्लीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. "आणि विश्रामबागेतनं ही चालवत आणलीस? ह्या गर्दीत? टेम्पो मेले काय तुमच्या गावातले? माणसं काय म्हणतील, चांदसाहेबनं बांधलेली गाडी बेडकागत उड्या मारती म्हणून! डाव्या दारावर टाक. बारीक अक्षरात. आणि निघ."

ते तरातरा मागच्या दारी गेले. बॅरलवरचा बोर्ड उचलला. दोन महिन्यांत बॅरलच्या काठाचा गंज पत्र्याला लागून 'काम एकदाच'भोवती तांबूस गोल उमटला होता. चिंधीने पुसून तो जाईना. थिनर लावलं असतं तर गेला असता, पण अक्षरंही गेली असती. ते तसाच बोर्ड घेऊन शिडीकडे चालले.

"मग पाण्यावर काय झाकू?" जैनबने मागून विचारलं.

शिडीवरून त्यांनी जे उत्तर दिलं ते मराठीत होतं.